निवळाई का बसली

“ही पण टेकणार, बघा,” आत्याबाई म्हणाल्या. “मान बघितली का तिची? घागर लांब राहिली, तांब्या ठरायचा नाही त्या मानेवर.”

मी दाराआड नऊवारीचा काष्टा खोचत होते. तो सुटायचा, मी खोचायचे, असं सकाळपासून आमचं दोघांचं चाललं होतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. त्यांची समजूत अशी की मी परसात आहे.

सासूबाईंच्या हातातल्या तांब्याच्या घागरीवर चिंच घासल्याचा आवाज जरा वाढला.

“थोरलीनं टेकली तेव्हा काय काय झालं, सांगू का वहिनी?”

“नको वन्सं. पाठ आहे मला.”

“म्हैस आटली,” आत्याबाईंनी तरी सांगितलंच. “बोअरला पाणी लागेना. थोरल्याची बदली झाली ती थेट गडचिरोलीला. आता ही टेकली की घर फुटायचं तेवढं बाकी आहे.”

मी काष्टा आणखी घट्ट खोचला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

उंबरखोपला तुम्ही पूर्वेकडून आलात, तर गावाच्या आधी ते दोन डोंगर दिसतात. सह्याद्रीची रांग पार पश्चिमेला राहते, निळी आणि सलग. हे दोघं मात्र तिच्यापासून सुटून अलीकडे माळावर आहेत, बाजारातून परतताना कुणी पोरं विसरून जावीत तसे. एक रुंद आणि बसका, मांडी घालून बसलेल्या बाईसारखा. त्याच्या माथ्यावर तळं आहे. आजूबाजूच्या विहिरी फाल्गुनात तळ दाखवतात, हे तळं दाखवत नाही. त्या डोंगराला निवळाई म्हणतात. दुसरा उंच, पण निवळाईकडे कललेला. तो धाकला. दोघांच्या मध्ये खिंड, आणि खिंडीतून बारा महिने वारा. मान वळवून पश्चिमेला पाहिलंत तर रांगेच्या काठावर एक सुळका एकटाच ताठ उभा दिसतो. ती मोठाई.

गावात सून आली की लग्नानंतरच्या पहिल्या मंगळवारी तिनं गावविहिरीची भरलेली घागर डोक्यावर घेऊन निवळाई चढायची आणि वरच्या तळ्यात ओतायची. वाटेत घागर जमिनीला टेकवायची नाही. खिंडीत निवळाईचं छोटं देऊळ आहे, तिथं थांबायचं. गुरव तिला गोष्ट सांगतो, ती तिनं घागरीसकट उभ्यानं ऐकायची. तिच्या डोक्यावर भार असेतोवर सासरच्या कुणीही बसायचं नाही. मग शेवटचा चढ.

वर तळं भरलेलं असताना खालून पाणी वर कशाला न्यायचं, हे मी लग्नाआधीच सुहासला विचारलं होतं. तो म्हणाला होता, “अगं, तसं असतं.” सुहास माझा नवरा. साताऱ्याला एकाच कॉलेजात आम्ही शिकवतो, तो रसायनशास्त्र आणि मी भूगोल. तिथं हा माणूस माझी छत्रीसुद्धा मला उचलू देत नसे. वादात प्राचार्यांना ऐकत नसे. गावच्या घराचा उंबरा ओलांडला की मात्र त्याचा आवाज आतल्या आत लहान होतो. हे मला लग्नानंतर कळलं. तसं असतं.

त्या मंगळवारी विहिरीवर घागर भरताना तो माझ्या कानाशी पुटपुटला, “अर्धीच भरतो.” आणि भरलीही. आत्याबाईंनी पुढं होऊन घागरीत हात घातला, मनगट भिजेना तेव्हा त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मुकाट काठोकाठ भरली.

डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर घागर. पहिल्या वळणापर्यंत मला वाटलं, जमेल. दुसऱ्या वळणावर मान ही आपल्याला वेगळी दिलेली वस्तू आहे हे समजलं. सुहास मागून चालत होता, दोन्ही हात अर्धवट उचलून, चेंडू झेलायला थांबल्यासारखा. आत्याबाई माझ्या पावलांशी डोळे लावून. सासूबाई सगळ्यांच्या मागं, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत. माझी थोरली जाऊ शोभनाताई एका अंगानं चालत होती. तिनं मला आदल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं, “पुढं बघ. खाली नको.” तिनं घागर टेकवली ती खिंडीतच. म्हणे एक शब्द न बोलता खाली ठेवली आणि उभी राहिली. का ठेवलीस, हे तेव्हाही तिला कुणी विचारलं नाही, आणि नंतर म्हशीच्या, बोअरच्या निमित्तानं नुसतं ऐकवलं.

खिंडीत पोचलो तर देवळासमोर चार अनोळखी माणसं बसलेली. डोंगर चढायला आलेली, पाठीवर पिशव्या, पायात जाड बूट. त्यांच्यात एक मुलगी होती, साधारण माझ्याच वयाची, केस आखूड, हातात काकडी. दगडूतात्या गुरव त्यांना देऊळ दाखवत होते. मला बघितल्यावर तात्यांचा चेहरा उजळला.

“वा! योग बघा पाव्हणं. सून आली. आता तुम्हाला गोष्ट फुकट ऐकायला मिळणार.”

शोभनाताई माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाली, “एरवी पाच मिनिटांत आटपतात. आज शहरातली माणसं बसलीत. संपलं.”

तात्यांनी खाकरून घसा मोकळा केला, उपरणं झटकलं. मी उभी. माझे सगळे उभे. फक्त पाहुणे बसलेले, त्यांना कुणी नियम सांगितला नव्हता.

तात्यांनी सांगितली ती गोष्ट अशी.

फार पूर्वी डोंगरांना पंख होते, हे तर सगळेच सांगतात. डोंगर उडायचे, मनाला येईल तिथं उतरायचे, खाली जे असेल त्याचा चेंदामेंदा व्हायचा. ऋषींनी गाऱ्हाणं घातलं, आणि इंद्रानं वज्रानं सगळ्यांचे पंख छाटले. पण उंबरखोपची माणसं म्हणतात, इंद्राचं काम अर्धवट राहिलं. पंख छाटले, पायांकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

“डोंगरांना पाय?” आखूड केसांच्या मुलीनं विचारलं.

“असं सांगतात,” तात्या म्हणाले. “मी बघायला नव्हतो.”

पंख छाटले त्या दिवशी मोठाईचा धनी आभाळात होता. तो पश्चिमेच्या समुद्रात पडला. मोठाई तेव्हा लेकरांना घेऊन दूर उत्तरेला उतरली होती. तिनं नवस बोलला, की सगळी लेकरं घेऊन त्या समुद्राच्या काठाशी जाईन, आणि समुद्र दिसेतोवर माझ्या घरातलं कुणी बसणार नाही. कारण पंख गेलेला डोंगर एकदा बसला की त्याला मुळं फुटतात. मग तो उठत नाही. तिचा एक मुलगा वाटेत जरा टेकतो म्हणाला होता. ती वळून बघेपर्यंत त्याच्या अंगावर झाडं उगवली होती आणि पाखरं घरटी बांधत होती. तिनं त्याला हाका मारल्या म्हणे, पण उत्तर पाखरांनीच दिलं. तेव्हापासून ती कुणालाही बसू देत नसे. तिला लोक कठोर म्हणाले. ती घाबरलेली होती.

चालणाऱ्या डोंगरांमागं केवढी धूळ उडत असेल. ती सगळी शेवटच्या मुलाच्या वाट्याला यायची. तो धाकला. भावांची धूळ खात खात चालायचा, डोळे कायम मिटलेले, आईच्या आवाजाच्या रोखानं पाऊल टाकायचा.

एका नदीच्या काठी तो कुणालातरी धडकला. ती निवळाई होती. त्या नदीची लेक, बुटका डोंगर, माथ्यावर झरा. तिनं आधी विचारलं, “डोळे आहेत का नाहीत?” मग नीट पाहिलं, आणि झऱ्याचं पाणी त्याच्या तोंडावर सोडून धूळ धुऊन काढली. धाकल्यानं जन्मात पहिल्यांदा डोळे नीट उघडले. समोर ती. पुढं रांग निघून चालली होती, आई हाका मारत होती, आणि याचा पाय निघेना. बसायची तर मनाई. म्हणून तो तिच्याभोवती फिरत राहिला. लग्नातले फेरे तिथून आले म्हणे. भटजींना हे मान्य नाही.

मोठाई परत आली, लेकाचे उघडे डोळे बघितले आणि समजली. तिनं रीतसर मागणी घातली.

निवळाईला उठावं लागलं. जन्मापासून बसलेला डोंगर तो; नदीनंच माती ओली करून मुळं सैल केली, म्हणून उठता आलं. उठताना अंगावरची झाडं मुळांसकट सुटली, घरटी पडली, आणि ज्या पाखरांनी कधी तिच्याखेरीज दुसरं घर बघितलं नव्हतं ती नदीवर घिरट्या घालत राहिली. नदीनं निरोप देताना लेकीला सांगितलं, “तुझ्या झऱ्याचं पाणी माझं आहे. तू बसशील तिथं मी जमिनीखालून येईन आणि तुला भरेन. चालशील तोवर मात्र आहे तेवढंच. सासरी हे सांगून ठेव.” धाकला शेजारीच उभा होता. त्यानंही ऐकलं.

इथं तात्या थांबले आणि देवळामागून तांब्या आणून पाणी प्याले. सावकाश. मी त्यांच्या कंठाकडे बघत राहिले. माझ्या चुंबळीखालून पाण्याचा एक ओघळ निघून कानामागून पाठीवर उतरला. सुहास मागून म्हणाला, “थोडंच राहिलं.” गोष्ट थोडी राहिली की चढ, हे त्यानं सांगितलं नाही. बहुधा त्यालाही माहीत नव्हतं.

निवळाई सासरी चालू लागली. पहिल्याच मुक्कामाला, म्हणजे मुक्काम नव्हताच, चालता चालताच, तिनं सगळ्यांना पाणी दिलं. थोरल्यांनी आधी प्यायचं, मग धाकट्यांनी. आजवर तहानेनं तडकलेले ते डोंगर गार झाले. मोठाई पाणी प्याली आणि म्हणाली, “सुनेच्या पायगुणानं घरात पाणी आलं.” धनी गेल्यापासून तिच्या तोंडून कुणी चांगला शब्द ऐकला नव्हता. सगळ्या दिरांनी माना वळवून निवळाईकडे पाहिलं.

आता यावर ती काय सांगणार, की पाणी आलेलं नाही, असलेलं संपतंय?

धाकला तिला चालता चालता विचारायचा, “सांगू का आईला?” ती म्हणायची, “इतक्यात नको. आत्ता कुठं मला बरी म्हणाल्यात.” पुढं पाणी निम्मं झालं, तेव्हा तीच म्हणाली, “आता सांगा.” तर तो म्हणाला, “आज आई फार दमलीय गं. उद्या सांगतो.” डोंगरांचा उद्या केवढा असतो कोण जाणे. त्यात ऋतू गेले.

“सांगून टाकायचं ना!” पाहुण्यांतला एक जण म्हणाला.

“तुमचं लग्न झालंय का?” तात्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग ऐका.”

पाहुणे हसले. आत्याबाईही हसल्या. सासूबाईंनी मात्र एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला, मग परत पहिल्या. मी मान वळवू शकत नव्हते, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला त्यांचं पाऊल दिसत होतं. घोट्याशी सुजलेलं.

चालत चालत ती सगळी या माळावर आली. इथं तेव्हा काहीच नव्हतं, गवताची काडीसुद्धा नाही. ऊन वरून आणि खालूनही. थोरले दीर रोज पाणी मागत, निवळाई देई. स्वतःच्या वाट्याचं कधीच देऊन झालं होतं. तिच्या अंगाला भेगा पडल्या. त्या पदराखाली झाकून ती चालत राहिली. कुणी विचारलंच तर म्हणायची, ऊन फार आहे.

शेवटी एके दिवशी मोठाईची चाल अडखळली. धाकल्यानं पुढं होऊन आईला खांदा दिला. ती म्हणाली, “सूनबाई, घोटभर दे.” निवळाई वाकली. झऱ्याच्या तळाशी शेवाळाला धरून एक थेंब होता, तो ओघळला. मोठाईनं वाट बघितली. दुसरा आला नाही.

तहानलेलं माणूस बोलतं, तेव्हा तेच बोलतं असं नाही. पण मोठाई म्हणाली खरी, “एवढं पाणी होतं, गेलं कुठं? माहेराला धाडलंस का गं?”

निवळाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो आईला खांदा देऊन उभा होता. त्यानं पश्चिमेकडे पाहिलं. पश्चिमेला बघण्यासारखं काही नव्हतं.

मग ती बसली.

ओरडली नाही, रडली नाही, एका शब्दानं कुणाला काही सांगितलं नाही. मांडी घालून माळावर बसली, आणि जमीन हादरली. तिला मुळं फुटली. त्या मुळांच्या वाटेनं दूरची नदी धावत आली, झरा भरला, माथा भरला, पाणी कडेनं ओसंडून खाली माळावर वाहू लागलं. दीर बघतच राहिले. जिच्याकडे थेंब नव्हता, तिच्या डोक्यावर तळं.

तेव्हा धाकला म्हणाला, “आई, ती बसल्याशिवाय तिला पाणी येत नाही.”

मोठाई म्हणाली, “मग हे आधी का नाही सांगितलं?”

हा प्रश्न तिनं लेकाला विचारला का सुनेला, ते कुणाला माहीत नाही. धाकल्यानं आईचा खांदा सोडला आणि बायकोकडे धावला. पण तोवर माळाचा चिखल झाला होता. अर्ध्या वाटेत त्याचे पाय रुतले. तिच्याकडे झुकला, हात पोचेना, तसाच बसला. मधली जागा राहिली ती राहिली. हीच खिंड.

मोठाई बाकीच्यांना घेऊन पुढं गेली. नवस होता. रांगेच्या काठाशी आल्यावर समुद्राची रेघ दिसली, तेव्हा ती लेकरांना म्हणाली, बसा. सगळी एका दमात बसली, इतकी दमलेली होती. तिला मात्र बसता येईना. समुद्राकडे तोंड करून बसावं, तर पाठीमागं धाकला आणि सून. इकडं तोंड करावं, तर पाण्यातल्या धन्याकडे पाठ. म्हणून ती उभीच राहिली.

तात्यांनी हात उचलून पश्चिमेकडे दाखवलं. पाहुण्यांनी माना वळवल्या. फोन निघाले. सुळका उन्हात कोरडा आणि काळा दिसत होता.

“निघताना मोठाईनं सांगितलं म्हणे,” तात्या पुढं म्हणाले, “की हिचं पाणी आपण सगळे प्यालो, ते हिला परत दिलं पाहिजे. म्हणून गावात सून आली की घागर वर जाते. आणि निवळाई टेकली म्हणून भरलं घर फुटलं, त्यासाठी सुनेनं वाटेत टेकायचं नाही. न टेकता वर गेली की घर एक राहतं.”

“पण पाणी तर सासरचे प्यायले,” आखूड केसांची मुलगी म्हणाली. “मग सून का नेते वर?”

तात्यांनी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. “पद्धत आहे ती,” ते म्हणाले.

मुलीनं एक चावा घेतला. तिला काकडी होती, मला घागर.

गोष्ट संपली होती आणि सगळे माझी वाट बघत होते. देवळामागून शेवटचा चढ सुरू होतो, खडकात खोदलेल्या पायऱ्या, उभ्या आणि गुळगुळीत. मी त्यांच्याकडे पाहिलं. मानेतून एक तार खाली पाठीपर्यंत ताणलेली होती आणि कुणीतरी ती हळूहळू पिळत होतं. पायऱ्यांवर माझा पाय घसरणार, हे मला स्वच्छ कळत होतं. किंवा त्याआधी माझे हात आपोआप वर जाऊन घागर खाली ठेवतील, शोभनाताईचे गेले तसे, न बोलता. मग आत्याबाईंच्या यादीत यापुढच्या सगळ्या म्हशी माझ्या नावावर.

“चल बाई,” आत्याबाई म्हणाल्या. “का थांबलीस? काही होतंय का?”

त्यांच्या आवाजात काळजी कमी आणि अंदाज जास्त होता. नजर माझ्या पायांपुढच्या मोकळ्या जमिनीवर होती, घागर जिथं येऊन बसेल असं त्यांना वाटत होतं नेमकी तिथं.

नाही, काही नाही, असं म्हणायला माझं तोंड उघडलंसुद्धा. लग्न झाल्यापासून हेच वाक्य मी सर्वांत जास्त वापरलं आहे. जेवलीस का, झोप लागली का, इथं करमतं का. नाही, काही नाही. सगळं बरं आहे. घरात सगळे म्हणतात, मुलगी शांत आहे. चांगल्या अर्थानं म्हणतात.

सुहास माझ्या समोर आला. त्याच्या कपाळावर घाम होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या मानेकडे पाहिलं, आणि त्याला कळलं, हे मला दिसलं. तो आईकडे वळला. ओठ हलले. मग त्यानं पश्चिमेकडे पाहिलं.

मला हसू आलं. घागर डोक्यावर असताना हसू नये, पाणी डचमळतं. थोडं सांडलंही, माझ्या खांद्यावर आणि त्याच्या शर्टावर. त्याचा राग आला असं नाही. त्याचा खांदा आईला द्यायची सवय जुनी आहे आणि मी नवी, एवढंच. पण तो सांगेल म्हणून मी थांबले असते, तर उद्या केवढा निघाला असता कोण जाणे.

आणि खरं म्हणजे, गोष्टीत तिच्या बसण्याला कुणीच दोष दिला नव्हता. मोठाईनं ‘का बसलीस’ असं विचारलंच नव्हतं. तिनं विचारलं होतं ते ‘आधी का नाही सांगितलं’ एवढंच. तात्यांनी वर्षानुवर्षं ते वाक्य न चुकता सांगितलंय आणि लगेच खिंडीकडे बोट दाखवून पुढं गेलेत. घागर एका डोक्यावरून दुसऱ्याच्या हातात दिली तर ती टेकली असं होतं का? हे कुणाला माहीत असणार? कुणी मदत मागून बघितलेलीच नाही.

वारा सुटला. खिंडीत तो आजही थांबत नाही. गावातले म्हणतात, धाकला अजून तिला काहीतरी सांगायचा प्रयत्न करतोय, आणि ऐकू फक्त वारा येतो. निवळाई आजही भरलेली आहे. तिच्या खालच्या विहिरी कोरड्या पडल्या तरी तिचं पाणी उतरत नाही. मार्गशीर्षात सूर्य कलला की मोठाईची सावली माळावरून लांब लांब होत येते आणि निवळाईच्या पायथ्याशी पोचायच्या आत ऊन संपतं. ती आजही उभी आहे, आणि तिला कुणी बस म्हणालेलं नाही.

मी मान न हलवता घागरीसकट अंगानंच मागं वळले. माझ्या सासूबाई सगळ्यांच्या मागं उभ्या होत्या. एक हात गुडघ्यावर, दुसरा देवळाच्या भिंतीवर, तोही नुसता लावलेला, रेललेला नाही. नियम त्यांनी कधी मोडला नसणार. आपल्या घागरीच्या दिवशी नाही, थोरलीच्या दिवशी नाही. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच इतका वेळ सरळ बघत होते. रागीट नव्हता. फक्त खूप लांबून चालत आलेल्या माणसाचा होता.

“काय गं?” त्यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. तात्या, पाहुणे, काकडी अर्धी राहिलेली ती मुलगी. शोभनाताईसुद्धा. मी दोन्ही हातांनी घागरीचे काठ घट्ट धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले. माझा आवाज त्या घरानं आधी ऐकलेला नव्हता.

“आई, मी दमलेय. मला एकटीला हे वर जायचं नाही. या, दोघी मिळून ही उतरवून शोभनाताईंच्या हातात देऊ, मग ह्यांच्या, मग आत्याबाईंच्या. आणि घागर माझ्या डोक्यावरून निघाली की आधी तुम्ही बसा.”